पराभव पचविणारा सेनानी

लष्करी उठाव करून सत्ता बळकावणारे पुष्कळ झाले. मतदारांचा कौल मानून ती सोडणारे मात्र विरळा. पश्चिम आफ्रिकेतील बेनिनचे माजी अध्यक्ष मात्यू केरेकू यांची गणना या विरळांत करावी लागते.

केरेकू यांचा जन्म १९३३ सालचा. फ्रेंच सैन्यात ते घडले. त्यांचा देश, तेव्हाचा दाहोमे, १९६० मध्ये स्वतंत्र झाला आणि लगोलग उठावांच्या चक्रात सापडला. २६ ऑक्टोबर १९७२ रोजी मेजर केरेकूंनी तीन नेत्यांचे आळीपाळीने चालणारे अध्यक्षमंडळ उलथून टाकले. १९७४ मध्ये त्यांनी मार्क्सवाद-लेनिनवाद हे राज्याचे तत्त्वज्ञान म्हणून जाहीर केले. पुढील वर्षी देशाचे नाव बेनिन झाले. एकच पक्ष उरला आणि विरोधकांच्या वाट्याला तुरुंगवास आला.

या राजवटीचा पाया कोणा सेनापतीने नव्हे, तर रिकाम्या तिजोरीने खचविला. १९८९ पर्यंत सरकारी बँका बुडाल्या होत्या. पगार थकलेले शिक्षक व कारकून संपावर गेले; विद्यार्थी रस्त्यावर उतरले. अखेर केरेकूंनी मार्क्सवादाला सोडचिठ्ठी दिली आणि फेब्रुवारी १९९० मध्ये कोतोनू येथे राष्ट्रीय परिषद बोलावली. आर्चबिशप इसिदोर द सूझा अध्यक्षस्थानी होते. परिषदेने स्वतःलाच सार्वभौम घोषित केले. सैन्य हाताशी असूनही केरेकूंनी तिचे निर्णय मान्य केले. १९९१ च्या निवडणुकीत निसेफोर सोग्लो यांनी त्यांचा पराभव केला, तोही त्यांनी स्वीकारला. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर सत्तारूढ अध्यक्ष मतपेटीतून पराभूत होऊन पायउतार होण्याचा हा पहिलाच प्रसंग मानला जातो.

१९९६ मध्ये त्याच मतदारांनी त्यांना परत आणले. शपथ घेताना त्यांनी पूर्वजांच्या आत्म्यांचा उल्लेख गाळला. घटना न्यायालयाने ती शपथ अग्राह्य ठरविली. एकेकाळच्या हुकूमशहाने निमूटपणे पुन्हा शपथ घेतली.

त्यांना संत ठरविण्याचे कारण नाही. २००१ च्या अंतिम फेरीतून प्रमुख प्रतिस्पर्ध्यांनी गैरप्रकारांचा आरोप करीत माघार घेतली आणि लढत त्यांच्याच एका मंत्र्याशी झाली. तथापि, वयाची व कार्यकालाची घटनात्मक मर्यादा मानून २००६ मध्ये ते निवृत्त झाले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

केरेकू स्वभावतः लोकशाहीवादी होते काय, हा वाद गौण आहे. संपकरी, परिषद आणि न्यायालय यांनी त्यांना मर्यादा घातल्या आणि त्यांनी त्या मानल्या. लोकशाहीला थोर पुरुषांपेक्षा अशा मर्यादांचीच अधिक गरज असते.