ऑलिव्हची राई राखणारा चित्रकार

फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर नीसहून पश्चिमेकडे निघाले की थोड्याच अंतरावर कान्य-सुर-मेर हे गाव लागते. चित्रपट महोत्सवामुळे जगाला ठाऊक असलेले कान ते हे नव्हे. ते आणखी पुढे. सुटीत समुद्रस्नानासाठी आलेल्या प्रवाशाने वाळू सोडून गावाकडेच्या टेकडीवर चढायचे मनावर घेतले, तर त्याला ले कोलेत नावाची जुनी वाडी पाहायला मिळते. पिळवटलेल्या खोडांचे, शतके पाहिलेले ऑलिव्ह वृक्ष, त्यांच्या फांद्यांआडून दिसणारी समुद्राची निळी रेघ आणि मध्ये एक प्रशस्त दगडी घर. पिएर-ऑग्यूस्त रेन्वा या चित्रकाराच्या आयुष्याची अखेरची बारा वर्षे या वाडीशी बांधलेली आहेत.

रेन्वा मूळचे दक्षिणेकडचे नव्हेत. २५ फेब्रुवारी १८४१ रोजी लिमोज येथे एका शिंप्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. कुटुंब पुढे पॅरिसला आले आणि तेराव्या वर्षी हा मुलगा चिनी मातीच्या भांड्यांवर फुले रंगवण्याच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. यंत्राने छपाई होऊ लागली तेव्हा ते काम गेले. त्यानंतरचा भाग कलेच्या इतिहासात सर्वज्ञात आहे: मोने आणि सिस्ली यांच्याशी जमलेली मैत्री, १८७४ चे दृक्‌प्रत्ययवाद्यांचे पहिले प्रदर्शन, लोकांनी उडवलेली टर, दारिद्र्य आणि कालांतराने लाभलेली कीर्ती. नृत्यात दंगलेले, नदीकाठी जेवणाऱ्या मंडळींत रमलेले त्यांचे पॅरिस आपण चित्रांच्या पुस्तकांतून पाहिलेले असते.

भूमध्य समुद्राशी त्यांची ओळख आधीपासून होती. १८८२ मध्ये इटलीहून परतताना मार्सेयजवळच्या लेस्ताक या गावी ते सेझानकडे थांबले, तेथे न्यूमोनियाने आजारी पडले आणि सेझानने व त्याच्या आईने त्यांची शुश्रूषा केली. पण या किनाऱ्यावर कायमचे येणे घडले ते एका अपघातानंतर. १८९७ मध्ये पत्नी आलीन यांच्या एस्वा या गावी रेन्वा सायकलवरून पडले आणि त्यांचा उजवा हात मोडला. हात जुळून आला, तरी संधिवाताने मग हळूहळू सारे शरीर धरले. कोरड्या, उबदार हवेच्या शोधात दर हिवाळ्यात दक्षिणेकडे जाणे ठरून गेले.

ले कोलेतची वाडी १९०७ मध्ये विकायला निघाली होती आणि नवा मालक ती जुनी झाडे तोडणार, असे दिसत होते. रेन्वांना ते सोसवेना. ती झाडे वाचावीत म्हणूनच त्यांनी वाडी विकत घेतली. जुने शेतघर होते तसेच राहिले, त्याची चित्रे त्यांनी वारंवार काढली. आणि आलीनच्या आग्रहाने शेजारी मोठे नवे घर उभे राहिले. आपल्याकडे आमराईची काळजी घ्यावी तशी आलीनने ती वाडी सांभाळली. संत्री लावली, स्वतःच्या झाडांच्या ऑलिव्हचे तेल गाळून घेतले. बागेत चित्रकारासाठी काचेच्या भिंतींची एक छोटी खोली बांधली गेली, म्हणजे थंडी बाहेर आणि प्रकाश मात्र आत.

तरीही उन्हाने दुखणे बरे झाले नाही. बोटे तळव्यात वळून घट्ट झाली. कुंचला त्यांच्या हाताला बांधत असत, ही हकीकत आजही सांगितली जाते, पण ती खरी नाही. कातडी इतकी नाजूक झाली होती की कुंचल्याच्या दांडीने जखम होऊ नये म्हणून तळहातावर पट्टी बांधत आणि कुंचला बोटांमध्ये अडकवून देत. साशा गित्री यांनी १९१५ मध्ये घेतलेल्या चित्रफितीत हे स्पष्ट दिसते. धाकटा मुलगा क्लोद कुंचला हाती देतो आणि म्हातारा चित्रकार तो कॅनव्हासवर भराभर चालवतो. मोठ्या चित्रासाठी कॅनव्हास रुळावर गुंडाळून वरखाली फिरवण्याची सोय केलेली होती, कारण हात तेथवर पोहोचत नसे.

मुलगा ज्याँ यांनी वडिलांच्या आठवणी लिहिल्या आहेत. त्यांतला एक प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका डॉक्टराने, चालणे बंद झालेल्या रेन्वांना हिंमत देऊन खुर्चीतून उठवले. त्यांनी चित्रफलकाभोवती एक फेरी मारली. घरच्यांचा आनंद मावेना. रेन्वा मात्र पुन्हा खुर्चीत बसले आणि त्यांनी डॉक्टरांना नकार दिला. त्या चार पावलांनीच साऱ्या मनाची शक्ती खाल्ली, मग चित्रासाठी काय उरणार, असा त्यांचा हिशेब होता. ते पुढे कधीच चालले नाहीत.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. पिएर आणि ज्याँ हे दोन्ही मोठे मुलगे जखमी झाले. ज्याँचा पाय कापण्याची वेळ आली होती. मधुमेहाने खंगलेल्या आलीन त्याच्यापाशी गेल्या, तो कापू देण्यास त्यांनी विरोध केला आणि पाय वाचला. घरी परतल्यावर, जून १९१५ मध्ये, त्यांचाच मृत्यू झाला. रेन्वांनी चित्रे काढणे थांबवले नाही.

त्या काळातली चित्रे सर्वांना आवडत नाहीत. अंगाचा तांबूस रंग फार भडक, बायका फार स्थूल, असे आक्षेप आहेत आणि काही चित्रांपुरते ते रास्तही आहेत. पण १९१८–१९ मधले स्नान करणाऱ्या स्त्रियांचे मोठे चित्र समोर उभे राहून पाहावे. झाडे, ऊन आणि देह यांच्या सीमा त्यात विरघळलेल्या आहेत. हेन्री मातीस १९१७ च्या अखेरीस नीसला राहायला आला तो या वृद्धाला भेटायला येऊ लागला आणि त्या चित्राचा त्याच्यावर खोल ठसा उमटला. शिल्पांची गोष्ट वेगळी. १९१३ पासून रिशार गिनो हा तरुण शिल्पकार मातीला हात लावी आणि रेन्वा बाजूला बसून सूचना देत. ती शिल्पे दीर्घकाळ एकट्या रेन्वांच्या नावाने ओळखली गेली. गिनोचे सहकर्तृत्व फ्रान्सच्या न्यायालयाने मान्य केले ते १९७३ मध्ये, त्याच्या निधनानंतर.

१९१९ मध्ये रेन्वांना खुर्चीत बसवून लुव्र संग्रहालयात नेण्यात आले. त्यांचे एक चित्र तेथे लागले होते. त्याच वर्षी ३ डिसेंबरला ले कोलेतमध्ये त्यांचे निधन झाले. नंतर एस्वामध्ये त्यांचे दफन झाले, पत्नीच्या शेजारी.

ज्याँ रेन्वा पुढे चित्रपट दिग्दर्शक झाले. ‘द रिव्हर’साठी ते बंगालमध्ये आले तेव्हा तरुण सत्यजित राय त्यांच्यासोबत स्थळे पाहत हिंडले, हे आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. १९५९ मध्ये मात्र ते कॅमेरा घेऊन ले कोलेतलाच परतले आणि वडिलांनी वाचवलेल्या ऑलिव्हखाली त्यांनी एका चित्रपटाचे चित्रीकरण केले. पुढच्याच वर्षी वाडी नगरपालिकेकडे गेली. आता तेथे संग्रहालय आहे. वरच्या चित्रशाळेत चाकांची खुर्ची आणि चित्रफलक ठेवलेले आहेत, आणि खिडकीतून तीच झाडे दिसतात.