राजाश्रयाशिवाय शास्त्रीय संगीत कसं टिकलं? पलुस्करांची गोष्ट

आज सिंधुदुर्गातली मुलंही ‘गांधर्व’च्या संगीत परीक्षा देतात. या व्यवस्थेचा पाया विष्णु दिगंबर पलुस्करांनी घातला. त्यांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडला झाला. लहानपणी फटाक्यामुळे दृष्टी अधू झाली आणि ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकू लागले.

तेव्हा बहुतेक गवई संस्थानिकांच्या आश्रयावर जगत. पलुस्करांनी तिकीट लावून मैफली केल्या. १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी लोकांच्या मदतीवर गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ मध्ये मुंबईतही सुरू केलं. मुंबईत इमारत बांधली, पण कर्ज फिटलं नाही. इमारतीचा लिलाव झाला.

१९३१ मध्ये पलुस्कर गेले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. वास्तू गेली, पण त्यांनी घडवलेल्या शिक्षकांनी काम पुढे नेलं.