सयाजीराव महाराज आणि गिरणीची मालकी

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी एका शेतकरी कुटुंबात गोपाळराव गायकवाडांचा जन्म झाला. १८७५ साली बडोद्याचे मल्हारराव पदच्युत झाले. सोन्याच्या तोफा ओतविणाऱ्या या राजाने संस्थानाची घडी पार विस्कटून टाकली होती. महाराणी जमनाबाईंनी गोपाळरावांना दत्तक घेतले, ते सयाजीराव झाले आणि डिसेंबर १८८१ मध्ये राज्यकारभार त्यांच्या हाती आला. त्यांचे सक्तीचे शिक्षण व ग्रंथालये सर्वांस ठाऊक आहेत. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना त्यांचे उद्योगविषयक प्रयोग अधिक जवळचे वाटावेत.

संस्थानात कारखाने निघावेत ही महाराजांची तळमळ. खाजगी भांडवल पुढे येईना, तेव्हा १८८० नंतरच्या दशकात सरकारनेच बडोद्यास कापडाची गिरणी काढली. अपेक्षित यश मात्र आले नाही व पुढे ती खाजगी हाती गेली. मला याचे कारण मालकीतच दिसते. कापूस आज घ्यावा की उद्या, हे जो ठरवतो त्याच्या खिशाला नफ्यातोट्याची झळ लागत नसेल, तर तो वरिष्ठांच्या सहीची वाट पाहणारच!

महाराजांनी उद्योगाचा नाद सोडला नाही, पण वाट बदलली. १८९० मध्ये कलाभवन निघाले, प्रा. गज्जर तेथे प्रमुख झाले. त्याच गज्जरांच्या साह्याने कोटीभास्कर व अमीन या त्यांच्या शिष्यांनी १९०७ मध्ये अलेंबिक कारखाना काढला.

नंतर बँक. राजाला खजिन्याचेच एक खाते उघडून त्याला बँक म्हणणे सोपे होते, विचारणारे कोण होते? परंतु २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली ती संस्थानच्या १८९७ च्या कंपनी कायद्याखाली, दहा लाखांच्या भांडवलावर, भागधारकांची कंपनी म्हणून. महाराजांचे बंधू संपतराव, मुंबईचे गिरणीमालक विठ्ठलदास ठाकरसी व अमेरिकन सल्लागार व्हाइटनॅक ही मंडळी स्थापनेत होती. बँकेची पत महाराजांच्या नावावर उभी होती, हे कोणी म्हणाल्यास ते खरेच आहे. पण कर्ज कोणास द्यावे हे राजवाड्यात न ठरता संचालकांपुढे ठरावे, ही व्यवस्था सर्वसत्ताधीश राजाने स्वतः मान्य केली, हे मला मोठे वाटते. १९१३ पासून पुढे देशातील कित्येक स्वदेशी बँका बुडाल्या, ही तरली.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. १९ जुलै १९६९ रोजी, एकसष्ट वर्षांस एक दिवस कमी असताना, बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. आज तिचे बहुसंख्य भाग भारत सरकारकडे असून उरलेल्यांची शेअरबाजारात खरेदीविक्री होते.