बाप दारूनं गेला, मामाचं शेत सावकारानं गिळलं. गाडगेबाबांच्या आयुष्याचं मागं राहिलेलं पान

शिरूर-दौंड : आज २० डिसेंबर, संत गाडगेबाबांची पुण्यतिथी. गावोगावी फोटोला हार पडतील, झाडू हातात घेऊन फोटोही निघतील. बाबा म्हटलं की आपल्याला झाडू आठवतो. पण या माणसाच्या आयुष्याची सुरुवात झाडूपासून झालेली नाही, ती दारूपासून झाली. सध्या भीमा-घोडनदीच्या पट्ट्यात ऊसतोड जोरात आहे, म्हणून हे पान आज वाचायला हवं.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी, वडील झिंगराजी जानोरकर, आई सखुबाई. त्या काळी देवाला बकरं कापायचं आणि त्या नावाखाली दारू प्यायची, अशी चाल होती. झिंगराजी त्यात अडकले. आधी देवासाठी, मग पाहुण्यांसाठी, मग रोजच. घरातलं होतं नव्हतं ते गेलं, तब्येतही गेली. डेबू आठ वर्षांचा असताना वडील वारले. पोराला या सगळ्यापासून लांब ठेव, असं त्यांनी शेवटी सखुबाईला सांगितल्याचं चरित्रकार लिहितात.

सखुबाई लेकराला घेऊन भावाकडे, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. मामा चंद्रभान शेतकरी. डेबू तिथं गुरं राखायला लागला, पुढं नांगर, पेरणी, काढणी सगळं शिकला. अंगानं दणकट गडी, कामाला वाघ. शाळेचं तोंड मात्र कधी पाहिलं नाही. आणि शाळा नसल्याचाच फटका घराला बसला. मामानं सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठे दिले, आकडा वाढत गेला आणि एके दिवशी शेत हातचं गेल्याचं कळलं. त्या धक्क्यानं मामा गेला. पुढं सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजीनं औत सोडलं नाही, उलट त्यांनाच पिटाळलं, असाही प्रसंग चरित्रांत आहे.

आता आपल्याकडे बघा. पाटस, केडगाव, न्हावरे, मांडवगण फराट्याच्या शिवारात बीड-नगरकडून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या दिसतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. पहाटेच्या थंडीत तोड सुरू होते, मग मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टर भरायचा. संध्याकाळी पाठ-मान धरते, आणि त्या दुखण्यावर जवळ मिळणारं औषध म्हणजे हातभट्टीची पिशवी. गूळ आणि नवसागर घालून काढलेली दारू. त्यात मेथिल अल्कोहोल निघालं तर डोळे जातात, जीवही जातो. जीव वाचला तरी नवरा कोपीत पडून राहिला की अर्धा कोयता बंद पडतो. उचल मात्र पुरी फेडायची असते. मग बाई एकटी तोडते. सखुबाईची गोष्ट काही फार जुनी झालेली नाही.

डेबूजीनं दारूविरुद्ध पहिलं पाऊल टाकलं ते स्वतःच्या घरात. थोरल्या मुलीचं बारसं होतं. जातीच्या रिवाजाप्रमाणं मटण आणि दारू द्यायलाच पाहिजे. त्यानं गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद चिडले, कुरबूर झाली, पण तो हलला नाही. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम हेच. हजार माणसांपुढं कीर्तनात दारू वाईट म्हणणं एक वेळ जमतं, सोयऱ्यांच्या पंगतीत जमत नाही.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. मागं पत्नी कुंताबाई आणि मुलं. या बाईनं काय सोसलं ते चरित्रांत फारसं येत नाही, यायला हवं होतं. बाबा फाटकी गोधडी अंगावर, मातीचं गाडगं हातात घेऊन गावोगाव फिरले. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन. कीर्तन म्हणजे लोकांना उलटसुलट प्रश्न. दारू पिऊ नका, कर्ज काढून लग्न करू नका, देवापुढं बकरं मारू नका, पोरांना शाळेत घाला. सगळं घरात सोसलेलं, म्हणून ते लोकांना लागायचं.

लोकांनी दिलेला पैसा त्यांनी धर्मशाळांना लावला. पंढरपूर, नाशिक, आपल्या जिल्ह्यात आळंदी आणि देहू. यवत-वरवंडवरून तुकोबांच्या पालखीबरोबर पंढरीला जाणाऱ्या कित्येकांनी तिथल्या धर्मशाळेत पाठ टेकली असेल. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलच्या पेशंटच्या नातेवाईकांसाठीही धर्मशाळा झाली. खेड्यातला माणूस आजारी पडला की त्याच्याबरोबर आलेल्या बाईला शहरात झोपायला जागा नसते, हे त्यांनी पाहिलं होतं.

त्यांच्या नावानं २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान निघालं, गावं खरंच स्वच्छ झाली. पण गटारी मोजल्या तशा ओढ्याकाठच्या भट्ट्या कोणी मोजल्या नाहीत. परवान्याचं दुकान असेल तर महिला मतदार आडव्या बाटलीला मत देऊन ते बंद करू शकतात. हातभट्टीला मत लागत नाही, ती बेकायदाच आहे. पोलीस किंवा उत्पादन शुल्क खात्याकडे तक्रार करायची. कोपीतली बाई मात्र परगावची. तिची तक्रार गावातल्याच कोणीतरी लिहून द्यावी लागेल.

नोव्हेंबर १९५६ मध्ये तब्येत ढासळलेली असतानाही बाबांनी मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढं कीर्तन केलं. ते शेवटचं. ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे गाडीतून नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी प्राण सोडला. समाधी अमरावतीत, गाडगेनगरला आहे.