कोशकार जेम्स मरे

वाचताना एखादा शब्द अडला, की आपण शब्दकोश उघडतो. क्षणात अर्थ सापडतो आणि कोश मिटला जातो. त्या दोन ओळींसाठी कोणी किती कष्ट घेतले असतील, हा विचार सहसा मनात येत नाही. इंग्रजी भाषेच्या सर्वांत मोठ्या कोशाची कथा या दृष्टीने जाणून घेण्यासारखी आहे. हा कोश इंग्लंडमधील ऑक्सफर्ड या प्राचीन विद्यापीठाच्या गावी तयार झाला. त्याचे प्रमुख संपादक जेम्स मरे हे मात्र एका शिंप्याचे पुत्र होते आणि चौदाव्या वर्षीच त्यांची शाळा सुटली होती.

जेम्स मरे यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८३७ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण भागातील डेनहोम या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची होती. परंतु जेम्सला ज्ञानाची विलक्षण ओढ होती. रानातील फुले, डोंगरातील दगड, जुन्या इमारतींचे अवशेष, सर्वांविषयी त्याला कुतूहल वाटे. त्यातही भाषांचे वेड सर्वांत मोठे. गुरांना लॅटिन भाषेत हाका मारून त्या ओळखायला शिकवण्याचा खटाटोपही त्याने केला होता, असे सांगतात. पुढील शिक्षणासाठी पैसा नव्हता म्हणून शाळा सुटली, पण शिकणे सुटले नाही. सतराव्या वर्षी तो शिक्षक झाला आणि विसाव्या वर्षी जवळच्या हॉइक गावी मुख्याध्यापक झाला.

पुढे दुःखाचे दिवस आले. मरे यांची पहिली मुलगी तान्हेपणीच वारली आणि पत्नीला क्षयरोगाने गाठले. तिला हवापालट व्हावा म्हणून ते लंडनला गेले आणि एका बँकेत कारकुनी करू लागले. पण पत्नी वाचली नाही. या संकटातही त्यांचा व्यासंग खंडित झाला नाही. १८६६ मध्ये त्यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीसाठी अर्ज केला. आपल्याला कोणकोणत्या भाषा येतात, याची लांबलचक यादी त्यात होती. तरीही ती नोकरी त्यांना मिळाली नाही. १८६७ मध्ये त्यांनी एडा नावाच्या सुविद्य स्त्रीशी विवाह केला आणि १८७० मध्ये लंडनजवळच्या मिल हिल येथील शाळेत ते शिक्षक झाले.

त्या काळी लंडनमधील भाषाभ्यासकांच्या एका संस्थेने नव्या कोशाची योजना हाती घेतली होती. १८५७ मध्ये या विचाराला आरंभ झाला. प्रत्येक इंग्रजी शब्द प्रथम केव्हा लिहिला गेला, त्याचा अर्थ कसकसा बदलत गेला, हे जुन्या ग्रंथांतील वाक्यांच्या आधाराने दाखवायचे, असा तो संकल्प होता. ‘नाइस’ हा शब्द आज ‘छान’ या अर्थी वापरतात. परंतु सातशे वर्षांपूर्वी तो ‘मूर्ख’ या अर्थाने वापरला जात असे. असा प्रत्येक शब्दाचा जणू जीवनवृत्तान्तच लिहायचा होता. पहिले संपादक तरुणपणीच वारले आणि पुढे काम रेंगाळले. अखेर १८७९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेशी करार होऊन ही जबाबदारी मरे यांच्यावर आली. दहा वर्षांत चार खंड पुरे व्हावेत, अशी अपेक्षा होती.

मरे यांच्याकडे सुमारे दोन टन कागद येऊन पडले. वाचकांनी वीस वर्षांत टिपून ठेवलेली वाक्ये त्यांवर होती. पण काही पोती कुजलेली होती; एका पोत्यात तर उंदरांचा संसार थाटलेला आढळला. मरे यांनी शाळेच्या आवारात पत्र्याचे एक घर उभारले. भिंतींना शेकडो खण केले आणि चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावण्यास प्रारंभ केला. मग त्यांनी इंग्रजी जाणणाऱ्या लोकांना जाहीर विनंती केली: पुस्तके वाचा आणि लक्षणीय शब्द ज्या वाक्यात आढळेल ते वाक्य, ग्रंथाचे नाव, वर्ष व पृष्ठ यांसह चिठ्ठीवर लिहून पाठवा. दूरदूरच्या देशांतून लाखो चिठ्ठ्या येऊ लागल्या. मानसिक आजारामुळे इस्पितळात बंदिस्त असलेल्या एका अमेरिकन डॉक्टराने वर्षानुवर्षे हजारो चिठ्ठ्या पाठवल्या. त्याची हकीगत समजल्यावर मरे त्याला भेटण्यास गेले आणि त्याचे स्नेही बनले.

१८८४ मध्ये पहिला भाग प्रसिद्ध झाला. पाच वर्षांच्या श्रमांनंतर ‘अँट’, म्हणजे ‘मुंगी’, या शब्दापर्यंतच मजल गेली होती! काम अशाने कधी संपणार, या चिंतेने प्रकाशक अस्वस्थ झाले. १८८५ मध्ये मरे शाळा सोडून ऑक्सफर्डला आले. घरामागील बागेत त्यांनी पुन्हा पत्र्याचे लेखनगृह बांधले. शेजाऱ्यांच्या दृष्टीआड राहावे म्हणून ते सुमारे तीन फूट जमिनीत खाली घ्यावे लागले. त्यामुळे आत ओल आणि कडाक्याची थंडी असे. मरे जाड कोट घालून, वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून कधीकधी पाय पेटीत ठेवून लिहीत बसत. त्यांचा पत्रव्यवहार एवढा मोठा होता, की डाकखात्याने त्यांच्या घरासमोरच टपालपेटी उभारली. घरातील अकरा मुलेही चिठ्ठ्या लावण्यास बसत आणि त्याबद्दल त्यांना थोडा खाऊचा पैसा मिळे.

परंतु मरे यांच्यापुढे कायम एक पेच होता. प्रकाशकांचा पैसा खर्च होत होता. कोश लहान करा, नोंदी आखूड करा, असा आग्रह वारंवार होई. काम थांबवण्याची भाषाही निघाली. घाई केली, तर शब्दाच्या इतिहासात चूक राहणार. न केली, तर कोशच बंद पडण्याची भीती. मरे यांनी संपादकपद सोडण्याचाही विचार केला. शेवटी त्यांनी कष्ट वाढवले, पण काटेकोरपणा सोडला नाही. आणखी संपादक त्यांच्या जोडीला आले. एवढी दक्षता घेऊनही ‘दासी’ या अर्थाच्या ‘बाँडमेड’ या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आणि तो शब्द कोशात यायचा राहून गेला. ही चूक ध्यानात आल्यावर मरे यांना फार खंत वाटली.

१९०८ मध्ये सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला. ज्या ऑक्सफर्डसाठी ते सुमारे पस्तीस वर्षे झिजले, त्या विद्यापीठाने सन्मानाची पदवी मात्र १९१४ मध्ये दिली. ऐंशीव्या वाढदिवसापूर्वी कोश पुरा व्हावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती सफल झाली नाही. २६ जुलै १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आजारपणातही ते ‘टी’ या अक्षराचे शब्द तपासत होते.

सहकाऱ्यांनी उरलेले काम पुढे नेले आणि १९२८ मध्ये कोश पुरा झाला. दहा खंडांत ४,१४,८२५ शब्द आणि अठरा लाखांहून अधिक वाक्ये त्यात आहेत. त्याचा जवळजवळ अर्धा भाग एकट्या मरे यांनी संपादित केला होता. राहून गेलेला ‘बाँडमेड’ हा शब्द १९३३ च्या पुरवणीत दाखल झाला. आज हा कोश संगणकावरही पाहता येतो आणि त्यात नव्या शब्दांची भर पडतच आहे. भाषा वाढत राहते, म्हणून तिचा कोशही कायमचा पुरा होत नाही. मरे यांनी आपल्या वाट्याचे काम अखेरपर्यंत चोख केले, म्हणूनच पुढच्यांना त्या पायावर निर्धास्तपणे भर घालता आली.