जिम कॉर्बेट : बंदुकीपासून कॅमेऱ्यापर्यंत

जिम कॉर्बेट यांचे नाव घेतले की डोळ्यांपुढे खांद्यावर बंदूक टाकलेला शिकारी उभा राहतो. कुमाऊँच्या नरभक्षकांच्या कथा मराठी घरांतही पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. डॉक्टरच्या नजरेने त्या वाचल्या, तर शिकारीइतकीच आणखी एक गोष्ट त्यांत ठळक दिसते, ती म्हणजे निदान. हा प्राणी माणसाला का मारतो आहे, आणि मारणारा नेमका कोणता, हे दोन प्रश्न कॉर्बेट यांनी कधी सोडले नाहीत. बोरिवली, मुलुंड, आरे किंवा येऊरच्या बाजूला राहणाऱ्यांपुढे बिबट्या दिसला की आजही हेच दोन प्रश्न असतात. फरक एवढाच, की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आता आपल्याकडे झाडाला बांधता येणारा एक छोटा कॅमेरा आहे. त्या कॅमेऱ्याचा इतिहासही कॉर्बेट यांच्या आयुष्याला स्पर्श करून जातो.

नैनितालचा पोस्टमास्तरचा मुलगा

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तिथे पोस्टमास्तर होते. घर मोठे, मुले पुष्कळ. जिम लहान असतानाच वडील वारले. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असा कुटुंबाचा क्रम होता. कालाढुंगीच्या जंगलात हा मुलगा पक्ष्यांचे आवाज, पावलांचे ठसे आणि वाकलेले गवत वाचायला शिकला.

पुढचे शिक्षण काही झाले नाही. विशीच्या आतच त्यांनी रेल्वेची नोकरी धरली आणि नंतर बिहारमध्ये गंगेकाठच्या मोकामा घाटावर माल उतरवण्या-चढवण्याचा ठेका घेतला. तिथे त्यांनी वीसेक वर्षे काढली. घाटावर पटकी वारंवार यायची आणि सलाइन सहज मिळण्याचा तो काळ नव्हता. पटकीने लोळागोळा झालेल्या एका अनोळखी व्यापाऱ्याला कॉर्बेट यांनी आपल्या घरी नेले, त्याची शुश्रूषा केली आणि तो वाचला. कुमाऊँच्या गावकऱ्यांनी पुढे त्यांच्यावर जो विश्वास टाकला, तो केवळ बंदुकीमुळे नव्हता.

नरभक्षकाचे शवविच्छेदन

१९०७ साली त्यांनी चंपावतची वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ बळी तिच्या नावावर होते. ती पडल्यावर कॉर्बेट यांनी तिचा जबडा तपासला. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले होते, खालचा तर पार हाडापर्यंत. ही कोण्या शिकाऱ्याच्या जुन्या गोळीची जखम होती. सुळे गेले, नेहमीचे भक्ष्य धरता येईना, म्हणून ती माणसाकडे वळली, असे त्यांनी निदान केले. मुक्तेश्वरच्या वाघिणीने २४ माणसे मारली होती. साळिंदराशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला होता आणि पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतले होते. वाघ हा स्वभावाने माणूसखाऊ नसतो, बहुतेक वेळा जखम किंवा म्हातारपण त्याला तिथवर आणते, हा कॉर्बेट यांचा निष्कर्ष अशा अनेक तपासण्यांतून आला होता.

रुद्रप्रयागच्या बिबट्याची कथा वैद्यकशास्त्राच्या आणखी जवळची आहे. १९१८ ते १९२६ या काळात त्याने सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे मारली. १९१८ म्हणजे मानमोडीचे, इन्फ्लुएन्झाच्या साथीचे वर्ष. ही साथ जून १९१८ मध्ये आपल्या मुंबई बंदरातून देशात शिरली आणि तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली. गढवालच्या डोंगरात मेलेल्यांना जाळायला माणसेही उरली नव्हती. प्रेतांच्या तोंडात निखारा ठेवून ती दरीत लोटली जात. त्या प्रेतांवरून बिबट्याला माणसाच्या मांसाची चटक लागली असावी, असा कॉर्बेट यांचा तर्क होता. तो सिद्ध करायला आज पुरावा नाही. पण माणसाचा आजार, जनावराचे वागणे आणि जंगलाची अवस्था एकाच साखळीत पाहायची, ही दृष्टी आज ‘एक आरोग्य’ या नावाने वैद्यकीय अभ्यासक्रमात शिकवली जाते. कॉर्बेट यांच्याकडे ती शंभर वर्षांपूर्वी होती.

गुन्हेगार कोणता?

रुद्रप्रयागला खरी अडचण ओळख पटवण्याची होती. बिबट्या रात्री यायचा आणि मागे फक्त पावलांचे ठसे ठेवायचा. सरकारने इनाम लावले, पिंजरे आणि सापळे मांडले, विषही वापरले. त्यात दुसरेच बिबटे मारले गेले आणि माणसे मरायची थांबली नाहीत. लोक इतके घाबरले होते, की बिबट्याचे रूप घेणारा म्हणून एका साधूवर संशय घेण्यापर्यंत मजल गेली. अखेर मे १९२६ मध्ये गोलाबराय इथे आंब्याच्या झाडावर बसून कॉर्बेट यांनी त्या बिबट्याला मारले. तो म्हातारा नर निघाला.

हे काम त्यांच्या शरीरावरही बेतत होते. १९२९ साली जवळून सुटलेल्या बंदुकीच्या आवाजाने त्यांच्या कानाचा पडदा फाटला आणि आत गळू झाले. तशा स्थितीत ते तल्ला देशच्या नरभक्षक वाघिणीमागे गेले. प्रतिजैविके यायची होती. गळू झाडावर बसले असतानाच फुटले आणि त्यांना आराम पडला. अशा रोग्याला आज आम्ही रुग्णालयातून हलू देणार नाही.

बंदुकीची दोरी कॅमेऱ्याला

रुद्रप्रयागला कॉर्बेट यांनी सापळा-बंदूकही लावली होती. तिच्या घोड्याला दोरी बांधलेली असते. जनावर दोरीला अडखळले की बंदूक आपोआप सुटते. हीच दोरी बंदुकीऐवजी कॅमेऱ्याला बांधली तर? अमेरिकेतील एक हौशी शिकारी जॉर्ज शिरास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रयोग हरणांवर केला. आपल्याकडे तो वाघांवर केला संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी. शिवालिकच्या जंगलवाटेवर त्यांनी बारीक तार ताणली. वाघाचा पाय तारेला लागला की मॅग्नेशियमचा झोत पेटे आणि वाघ स्वतःच आपले छायाचित्र काढून जाई. ही छायाचित्रे १९२५ साली लंडनच्या एका साप्ताहिकात झळकली. त्यांवरून चॅम्पियन यांनी एक महत्त्वाची गोष्ट हेरली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, जसे आपल्या बोटांचे ठसे.

चॅम्पियन यांच्या छायाचित्रांनी कॉर्बेट यांना कॅमेऱ्याकडे ओढले. नरभक्षक सोडून इतर वाघांवर गोळी चालवणे त्यांनी हळूहळू बंद केले आणि १६ मि.मी.चा चलचित्र कॅमेरा हाती घेतला. अडचण होती ती कॅमेऱ्याच्या घरघरीची. तो आवाज ऐकून वाघ निघून जात. मग जंगलातल्या एका ओढ्याला छोटे बांध घालून त्यांनी पाण्याचा खळखळाट तयार केला. त्या आवाजात घरघर बुडाली आणि १९३८ च्या हिवाळ्यात अनेक वाघ दिवसाउजेडी त्यांच्या फिल्मवर आले.

१९३६ मध्ये देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान कुमाऊँच्या पायथ्याशी उभे राहिले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. नरभक्षकांवरचे त्यांचे गाजलेले पुस्तक १९४४ साली आपल्या मुंबईतूनच, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. पहिल्या आवृत्तीचे मानधन त्यांनी युद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांच्या वसतिगृहाला दिले. १९४७ मध्ये ते बहिणीसह केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी गावी हृदयविकाराने वारले. दोन वर्षांनी त्या उद्यानाला त्यांचे नाव मिळाले.

बोरिवलीतला बिबट्या

आजचा कॅमेरा ट्रॅप हा चॅम्पियन यांच्या तारेचा वारसदार. तारेच्या जागी आता उष्णता ओळखणारा संवेदक असतो. आसपासच्या हवेपेक्षा वेगळ्या तापमानाचे काही समोरून हलले की छायाचित्र निघते. परदेशात शिकारी हरणांचा माग काढायला असे कॅमेरे वापरतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे इथे त्यांचे काम मोजण्याचे आणि ओळखण्याचे.

सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि लगतच्या भागात २०१५ साली कॅमेऱ्यांनी ३५ बिबटे ओळखले, तर २०१८ मध्ये ४७. ओळख ठिपक्यांवरून पटते. डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके वेगळे असल्याने वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावावा लागतो.

याचा उपयोग काय? २००२ ते २००४ या काळात उद्यानाभोवती बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे जीव गेले. तेव्हा दिसेल तो बिबट्या पकडून दुसरीकडे सोडणे हा सर्वमान्य उपाय वाटे. जुन्नर भागात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात मात्र उलटे दिसले. पकडलेले बिबटे जिथे सोडले, तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. रुद्रप्रयागचा धडा इथेही तोच होता, चुकीच्या जनावराला शिक्षा करून माणूस वाचत नाही. म्हणून हल्ला झाल्यावर आधी कॅमेरे लावून ओळख पटवायची आणि मग पिंजऱ्याचा निर्णय घ्यायचा, ही पद्धत योग्य आहे. रोगी न तपासता औषध लिहून देऊ नये, इतकी ही साधी गोष्ट आहे. ज्या घरातले मूल गेले त्या घराला थांबा म्हणणे कठीण असते, हे मी जाणतो. पण घाईत पकडलेला बिबट्या निरपराध असेल, तर खरा धोका त्याच वस्तीजवळ मोकळा फिरत राहतो.

आणखी एक हिशेब. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बिबट्याने जखमी केलेला रुग्ण क्वचित येतो, कुत्रा चावलेले रोज येतात. उद्यानाभोवतीचे बिबटे वर्षाला साधारण दीड हजार भटके कुत्रे खातात आणि त्यामुळे कुत्रा चावण्याचे सुमारे हजार प्रसंग टळत असावेत, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात मांडला आहे. अंदाज तो अंदाजच, पण बिबट्याकडे पाहताना तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. मात्र ज्या उघड्या कचऱ्यावर कुत्रे पोसले जातात, तोच बिबट्याला वस्तीपर्यंत आणतो.

सोसायटीने कॅमेरा घ्यायचा तर

जंगलाला लागून असलेल्या सोसायट्या असा कॅमेरा घ्यावा का, असे विचारतात. घ्यावा, पण आपल्याच आवारासाठी. राष्ट्रीय उद्यानात वन विभागाच्या परवानगीशिवाय तो लावता येत नाही.

घेताना मेगापिक्सेलच्या आकड्यांना भुलू नये. हालचाल जाणवल्यापासून चित्र निघेपर्यंतचा वेळ अर्ध्या सेकंदापेक्षा कमी हवा, नाहीतर फक्त शेपटी दिसते. रात्रीसाठी अवरक्त झोत पुरतो. त्यात चित्र काळे-पांढरे येते, पण डोळे दिपत नाहीत. आपल्या पावसाळ्यासाठी घट्ट रबरी सील हवे आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, वाटेपासून तीनेक मीटरवर आणि थोडा तिरका बांधावा. उगवत्या-मावळत्या सूर्याकडे त्याचे तोंड नको. समोरचे गवत कापावे, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांचीच शेकडो चित्रे जमतात. मे महिन्याच्या दुपारी हवा आणि जनावराचे अंग यांच्या तापमानात फारसा फरक नसतो, तेव्हा संवेदक चुकतो. म्हणजेच चित्र नाही याचा अर्थ बिबट्या नाही, असा होत नाही. चांगले चित्र मिळावे म्हणून मांस टाकणे तर सर्वांत धोक्याचे. कॅमेरा शेजाऱ्याच्या खिडकीकडे वळवू नये, आणि मिळालेले चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवण्याआधी वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

जखम झालीच, मग ती कुत्र्याची असो, मांजराची किंवा बिबट्याची, ती वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. रेबीजच्या लसीच्या सगळ्या मात्रा ठरल्या तारखांना घ्याव्यात आणि जखम खोल असेल तर जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दल डॉक्टरांना विचारावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की आम्हा डॉक्टरांच्या हातात जवळपास काहीच उरत नाही. त्याआधी मात्र तो शंभर टक्क्यांच्या जवळपास टाळता येतो.