खटपट्या माणूस : शंकर आबाजी भिसे

आमच्या हॉस्टेलमध्ये कुणाचा टेबल फॅन बंद पडला, इस्त्री तापेना झाली की माझ्या रूमचं दार वाजतं. खोलून बघायची ही खोड मला नायगावातच लागली. घरचा रेडिओ मी सातवीत असताना उघडला. उघडला तो काही परत मिटला नाही. वडिलांचा तो ओरडा अजून लक्षात आहे!

मागच्या सुट्टीत घराच्या टाकीसाठी पाण्याची पातळी दाखवणारं सर्किट केलं. तीन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, तीन एलईडी, एक बझर आणि तांब्याच्या तारा. टाकी भरली की बझर वाजायचा. आई खूश, शेजारी खूश. बाजारातल्या एका दुकानदाराने वीस नग मागितले. मी हुरळून केले. महिन्याभरात दहा-बारा परत आले. तारांतून सतत डीसी जात होता, त्यामुळे पाण्यात तांबं झिजून गेलं होतं. एक नग चालणं वेगळं आणि वीस नग टिकणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. सर्किट करणंच सोडून द्यावं असं वाटत होतं. त्याच दिवसांत लायब्ररीत डॉ. शंकर आबाजी भिसे यांच्याबद्दल वाचायला मिळालं.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईचा. चौदाव्या वर्षी या पोराने घरच्या घरी दगडी कोळशापासून गॅस तयार करायचं उपकरण बनवलं. इंजिनिअरिंगची डिग्री नाही की वर्कशॉप नाही. यंत्रशास्त्र शिकले ते मुख्यतः अमेरिकेहून येणारी विज्ञान मासिकं वाचून. पुढे मुंबईत त्यांनी विज्ञानाचा क्लब काढला. लोकल गाडीत पुढचं स्टेशन दाखवणारं यंत्र, आतला माल कुणी बदलू नये अशी बाटली, असे त्यांचे उद्योग चालूच असायचे.

इंग्लंडमधल्या एका मासिकाने किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा ठेवली होती. त्यात तिकडच्या लोकांना मागे टाकून भिसे यांनी बक्षीस मिळवलं. मग १८९९ च्या सुमारास स्वारी लंडनला गेली. तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना हात दिला. स्वराज्यासाठी झटणाऱ्या या वृद्ध नेत्याने एका संशोधकाच्या यंत्रांवर स्वतःचे पैसे लावले. विजेवर चालणारे जाहिरातीचे दिवे, स्वयंपाकघरातली उपकरणं असं बरंच काही भिसे यांनी केलं. पण त्यांचा जीव अडकला तो छापखान्यात.

तेव्हा छपाई शिशाच्या खिळ्यांवर चालायची. एकेक अक्षराचा खिळा ओतायचा, तो जुळवायचा आणि मग छापायचं. खिळे ओतायचा वेग हीच मोठी अडचण होती. भिसे यांनी मिनिटाला १२०० खिळे ओतू शकेल असं यंत्र आखलं. भिसोटाइप हे त्याचं नाव. तिकडच्या जाणकारांना हे अशक्यच वाटलं.

खरी गंमत, किंवा खरं दुःख, इथून पुढे आहे. यंत्र डोक्यात तयार, पण कारखान्यात आणायचं तर भांडवल पाहिजे. समाजवादी पुढारी हिंडमन यांनी पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. दादाभाईही १९०७ मध्ये भारतात परतले. भिसे हात हलवत मायदेशी निघाले. पण वाटेत जहाजावर गोपाळ कृष्ण गोखले भेटले! त्या ओळखीतून सर रतन टाटा पाठीशी उभे राहिले आणि १९१० मध्ये टाटांच्या पैशातून भिसे यांच्या शोधांसाठी सिंडिकेट निघालं. तेही फार काळ चाललं नाही. शेवटी १९१६ मध्ये भिसे अमेरिकेला गेले. तिथे १९२० च्या सुमारास त्यांच्या नावाची कंपनी निघाली आणि यंत्र बाजारात यायची वेळ आली. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती.

मधल्या काळात आयोडीनपासून एक औषध तयार केलं, ते ॲटोमिडीन नावाने अमेरिकेत विकलं गेलं. १९३० मध्ये त्यांची खुद्द एडिसनशी भेट झाली. ७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये ते वारले. लोक त्यांना भारताचा एडिसन म्हणायचे. आज मात्र आपल्या वर्गात दहा जणांना विचारा, नऊ जण कोण भिसे म्हणतील.

मला वाटतं, हा माणूस बुद्धीत कुठेच कमी पडला नाही. एडिसनजवळ प्रयोगशाळा होती, माणसं होती, भांडवल होतं. भिसे यांना मात्र प्रत्येक यंत्रासाठी आधी पैसेवाला माणूस शोधावा लागला. तरी एक दार बंद झालं की ते दुसऱ्या दारात जाऊन उभे राहायचे. आपण ब्रेडबोर्डवर प्रोजेक्ट चालला की व्हायवा देऊन मोकळे होतो. खरं काम तिथून पुढे सुरू होतं, हे मला भिसे यांच्याकडून शिकायला मिळालं.

म्हणून परत आलेले नग मी पुन्हा उघडले आहेत. या वेळी तांब्याऐवजी स्टीलच्या पट्ट्या लावतोय, आणि करंट सतत न सोडता मध्ये मध्येच सोडणार आहे. आधी एकच नग करून तीन महिने हॉस्टेलच्या टाकीवर ठेवणार. रेक्टर सरांनी परवानगी दिली आहे. रात्री बझर वाजला तर मित्रांनो, शिव्या जरा बेतानं द्या!